कीटकांची ओळख : पंख, तोंड आणि पाय यांच्या खुणांवरून

वळवाचा पहिला पाऊस झाला, की त्या रात्री गावातील दिव्याच्या खांबाखाली कीटकांची जत्राच भरते. तांबूस भुंगेरे भिंतीवर आपटून खाली पडतात, पंख गळालेली वाळवी ओट्यावरून सरपटत जाते, हिरवट तुडतुडे प्रकाशाभोवती घिरट्या घालतात आणि जाळीदार पंखांचा एखादा नाजूक जीव खांबाला चिकटून बसतो. पाहणाऱ्याच्या लेखी हे सारे ‘किडे’च असतात. वस्तुतः यांपैकी एकाची अळी उसाची मुळे कुरतडते, दुसरा शाळेच्या छपरातील तुळई पोखरतो, तिसरा उभ्या पिकाचा रस शोषतो आणि चौथ्याची पिल्ले रस शोषणाऱ्या किडींवर उपजीविका करून शेतकऱ्याची मोलाची सेवा करतात. या चौघांना एकाच मापाने मोजणे म्हणजे साव आणि चोर यांना एकाच बेडीत अडकविणे होय.

कीटक ओळखणे हा केवळ अभ्यासकांचा छंद नव्हे. कोणत्या किडीवर कोणता उपाय लागू पडेल, हे बहुतांशी तिच्या शरीररचनेवर अवलंबून असते. बीटी कापसाच्या लागवडीस भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. या कापसातील विषारी प्रथिन बोंडअळ्यांच्या आतड्यावर परिणाम करते. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना त्याची बाधा होत नाही. हा भेद ज्याच्या ध्यानात येत नाही, तो एकतर बियाण्यास दोष देतो किंवा हाती येईल ते औषध फवारीत राहतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी टाळणे हाच अशा संकटावरील पहिला उपाय होय, आणि त्याचा आरंभ कीड नेमकी ओळखण्यापासून होतो.

कीटक कोणास म्हणावे?

जगात आजवर सुमारे १० लाख कीटकजातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. एवढा विस्तार असूनही कीटकाची व्याख्या सोपी आहे. प्रौढ कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात. डोक्यावर शृंगिकांची, म्हणजे मिशांची एक जोडी असते. वक्षाला पायांच्या तीन जोड्या असतात आणि बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या किंवा एक जोडी असते. सहा पाय ही यांतील सर्वांत सोयीची खूण.

या कसोटीवर कोळी, विंचू आणि गोचीड हे कीटक ठरत नाहीत, कारण त्यांच्या प्रौढांना आठ पाय असतात. गोम तर अनेक पायांची. वांगी, भेंडी यांच्या पानांखाली बारीक जाळी विणणारा लाल कोळी हाही कीटक नव्हे. हा भेद पुस्तकी वाटला, तरी व्यवहारात महत्त्वाचा आहे. अनेक कीटकनाशके या कोळ्यावर परिणामकारक ठरत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र त्यांमुळे मरतात आणि फवारणीनंतर कोळी अधिकच वाढतो. त्यासाठी निराळे कोळीनाशक लागते. म्हणून पहिले काम पाय मोजण्याचे.

वर्गीकरणाचा पाया

स्वीडनमधील निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकांचे सात गण मानले होते. त्याची मुख्य कसोटी पंख ही होती. पंखहीनांच्या गणात त्याने कोळी आणि खेकडेही घातले होते. ती चूक पुढे सुधारली गेली. आज कीटकांचे सुमारे तीस गण मानतात. तथापि बहुतेक गणांची नावे अद्याप पंखांवरूनच पडलेली आहेत, आणि शेतात, घरात व गोठ्यात नित्य भेटणारे कीटक यांपैकी दहा-अकरा गणांतच सामावतात.

कीटक हाती आला, की चार प्रश्न क्रमाने विचारावेत. पंख किती व कसे आहेत? तोंड चावण्याचे आहे की शोषण्याचे? मिशा व पाय यांची ठेवण कशी आहे? आणि त्याची वाढ कोणत्या रीतीने होते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारचे असते. टोळ, ढेकूण यांची पिल्ले दिसावयास आईबापांसारखीच असतात, फक्त त्यांना पूर्ण पंख नसतात. उलट फुलपाखरू, भुंगेरा, माशी आणि मधमाशी यांच्या आयुष्यात अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था येतात व अळीचे प्रौढाशी रूपसाम्य मुळीच नसते.

चतुर आणि टाचणी

तळ्याकाठी किंवा भातखाचरावर घिरट्या घालणारे चतुर ओळखण्यास सर्वांत सोपे. लांबट शरीर, टपोरे डोळे, अगदी आखूड मिशा आणि पारदर्शक, जाळीदार असे चार लांब पंख. बसताना चतुर पंख दोन्ही बाजूंस पसरून ठेवतो. त्याची नाजूक भावंडे, म्हणजे टाचण्या, बहुधा ते पाठीवर मिटून घेतात. यांची पिल्ले पाण्यात वाढतात आणि तेथील डासांच्या अळ्या खातात. प्रौढ चतुरही उडता उडता डास व अन्य लहान कीटक पकडतो. म्हणून चतुर हा निखळ मित्रकीटक होय.

टोळ, नाकतोडे आणि रातकिडे

मागचे पाय लांब आणि मांड्या भरदार, पुढचे पंख चामड्यासारखे व अरुंद, मागचे पंख पंख्याप्रमाणे घडी घालून त्यांखाली ठेवलेले आणि तोंड चावण्याचे; ही या गणाची लक्षणे. मिशांवरून यांचे दोन पोटभाग पडतात. टोळ व नाकतोडे यांच्या मिशा आखूड असतात. रातकिड्याच्या मिशा मात्र दोऱ्यासारख्या बारीक व बहुधा शरीराहूनही लांब असतात. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे विदर्भातील अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांपर्यंत पोहोचले होते. अशा वेळी बांधावरचा नेहमीचा नाकतोडा आणि थव्याने येणारा टोळ यांतील फरक गावात कोणास तरी ठाऊक असणे अगत्याचे ठरते. अन्यथा अफवाच टोळांहून वेगाने पसरतात.

वाळवी आणि मुंगी

वाळवीस अनेक ठिकाणी ‘पांढरी मुंगी’ म्हणतात. परंतु मुंगीशी तिचे नाते दूरचे आहे. आधुनिक संशोधनाने ती झुरळांची निकटची नातलग असल्याचे सिद्ध झाले असून २००७ पासून शास्त्रज्ञ तिचा समावेश झुरळांच्याच गणात करू लागले आहेत. पावसाच्या प्रारंभी पंखवाल्या मुंग्या आणि पंखवाली वाळवी एकाच वेळी बाहेर पडतात, तेव्हा तीन खुणा पाहाव्यात. मुंगीची कंबर अगदी बारीक असते, वाळवीची जाड व सरळ. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, वाळवीच्या सरळ व मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात, वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे. पंचायतीच्या दप्तरखान्यात किंवा शाळेच्या वाचनालयात अशा सारख्या लांबीच्या गळालेल्या पंखांचा ढीग आढळला, तर जवळपास वारूळ आहे असे समजून लाकूडकामाची तपासणी करणे इष्ट.

ढेकणांचा गण

या गणाची ओळख पंखांपेक्षा तोंडावरून अधिक निश्चित होते. सुईसारखी सोंड डोक्यापासून निघून छातीखाली दुमडलेली असते. ती वनस्पतीत किंवा प्राण्यात खुपसून हे कीटक रस अथवा रक्त शोषतात. यांतील खऱ्या ढेकणांचे पुढचे पंख बुडाशी जाड व टोकाशी पातळ असतात. म्हणून या गणास ‘अर्धपंखी’ असे नाव आहे. बसल्यावर पंखांची टोके एकमेकांवर येऊन पाठीवर फुलीसारखी आकृती दिसते. घरातील ढेकणाला मात्र उडण्याजोगे पंखच नसतात.

तुडतुडे, मावा, पांढरी माशी, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण हे सर्व याच गणातील. पांढरी माशी नावाने माशी असली, तरी तिला चार पंख व शोषणारी सोंड असते. पाने वरच्या बाजूस वळणे, पिवळी पडणे, चिकट होणे आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढणे ही या कीटकांच्या उपद्रवाची लक्षणे होत. पान कुरतडलेले नसते, कारण यांना कुरतडण्याचे तोंडच नाही. त्यामुळे पानाच्या पृष्ठभागावर टाकलेले आणि खाल्ल्यावरच पोटात जाणारे विष येथे वाया जाते. तथापि सारा गण शत्रू नव्हे. पळस, कुसुम व बोर या झाडांवर लाख निर्माण करणारा कीटक याच कुळातील आहे.

फुलकिडे आणि जालपंखी

मिरची किंवा कांद्याच्या पातीवर सळसळणारे, जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचे फुलकिडे साध्या डोळ्यांना धाग्याच्या तुकड्यासारखे दिसतात. भिंगाखाली पाहिले, की त्यांच्या अरुंद पंखांच्या कडेला केसांची झालर दिसते. ही झालर या गणाची मुद्रा होय. ते पात खरवडून रस पितात, म्हणून पातीवर चंदेरी पट्टे उमटतात.

दिव्याच्या खांबाला चिकटलेला हिरवा, सोनेरी डोळ्यांचा, छपरासारखे पंख मिटून बसणारा जीव म्हणजे क्रायसोपा. तो जालपंखी गणातील आहे. त्याची विळ्यासारख्या जबड्यांची अळी मावा व तुडतुडे यांचा फडशा पाडते. २००२ मध्ये राज्यातील ऊसपट्ट्यात पांढऱ्या लोकरी माव्याने हाहाकार उडविला, तेव्हा त्याच्या नियंत्रणास ज्या मित्रकीटकांचा उपयोग झाला, त्यांत याच गणातील मायक्रोमस व एका लहान पतंगाची अळी डिफा यांचा प्रामुख्याने समावेश होता.

भुंगेरे

कीटकांतील हा सर्वांत मोठा गण. सुमारे चार लाख नोंदलेल्या जाती एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत. यांचे पुढचे पंख टणक ढालीसारखे असून ते पाठीवर मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. उडण्याचे पातळ पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. ढेकणाच्या पाठीवर फुली आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर सरळ रेघ, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतात. यांचे तोंड चावण्याचे असते. धान्यातील सोंड्याची लांब सोंड पाहून तो रस शोषत असावा असे वाटते. परंतु त्या सोंडेच्या टोकाशी जबडेच असतात.

नारळावरील गेंडाभुंगा, काजवा आणि मुळे कुरतडणाऱ्या हुमणीचा तांबूस भुंगेरा हे सारे एकाच गणातील. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब व बाभळीवर जमतात. त्या काही रात्री फांद्या हलवून ते गोळा केले व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर मादीने मातीत अंडी घालण्यापूर्वीच पुढील पिढीस आळा बसतो. हे काम एकट्या शेतकऱ्याने केल्यास फारसे फळ येत नाही. गावाने एकजुटीने केल्यास येते. ग्रामपंचायतीने हाती घ्यावे असे हे काम आहे.

याच गणातील ढालकिडा शेतकऱ्याचा जुना मित्र. त्याची काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या सुसरीसारखी अळी दिसावयास ओंगळ असते व पुष्कळदा कीड समजून मारली जाते. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेल्या क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची तर याहून मोठी फसगत. त्याची अळी अंगावर पांढरे मेणचट तंतू बाळगते आणि जिच्यावर ती जगते त्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती आकाराने मोठी व चपळ असते. पिठ्या ढेकूण बहुधा एके ठिकाणी चिकटून राहतो. क्षणभर थांबून हालचाल पाहिली, तर फरक कळतो.

फुलपाखरे आणि पतंग

यांच्या चारही पंखांवर बारीक खवले असतात. बोटाला लागणारी रंगीत धूळ ती हीच. तोंडाची नळी घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली असते. फुलपाखराच्या मिशांची टोके गोळीसारखी जाड असतात, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. फुलपाखरू बहुधा पंख पाठीवर उभे मिटते, पतंग पसरून किंवा छपरासारखे ठेवतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला.

प्रौढ फुलपाखरे व पतंग मध पितात. नुकसान करतात त्या त्यांच्या अळ्या. घाटेअळी, गुलाबी बोंडअळी व खोडकिडा या सर्व पतंगांच्या अळ्या आहेत. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात असते. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण व शेपटाकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. मात्र तुतीवरील रेशीम आणि पूर्व विदर्भातील ऐन व अर्जुनाच्या झाडांवरील टसर हीदेखील पतंगांच्या अळ्यांचीच देणगी आहे.

माश्या आणि डास

पंखांची एकच जोडी असणारे हे कीटक. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन लहान अवयव असतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे कार्य. घरमाशी, फळमाशी, ज्वारीवरील खोडमाशी आणि डास हे सर्व द्विपंखी होत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी मधमाशीसारखी दिसते. परंतु तिला दोनच पंख असतात, ती दंश करीत नाही आणि तिच्या अळ्या मावा खातात.

सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवीची अवस्था आढळली. तेव्हापासून डासांतील भेद ओळखणे हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला. हिवतापाचा ॲनॉफिलीस डास शेपटाकडील भाग उचलून, भिंतीशी कोन करून बसतो व त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागास समांतर राहते. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिसच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि त्याची अळी पाण्यात डोके खाली करून लोंबकळते. ती रांजण, टाकी व टाकाऊ टायर यांतील साठलेल्या पाण्यात वाढते. अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते.

मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या

चार पातळ पंख, त्यांतील मागची जोडी लहान व सूक्ष्म आकड्यांनी पुढच्या जोडीस अडकविलेली, आणि बहुतेकांची कंबर बारीक. ही या गणाची लक्षणे. आग्या, सातेरी व फुलोरी या आपल्याकडील मधमाश्या. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्याच्या मांघर गावात २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ ही योजना सुरू झाली. मधापेक्षाही मधमाशीचे परागीभवनाचे कार्य अधिक मोलाचे. फुलोऱ्याच्या काळात भर दुपारी केलेली फवारणी त्यावरच घाव घालते.

याच गणात अर्धा मिलिमीटर लांबीचा ट्रायकोग्रामा येतो. तो पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालतो, त्यामुळे अळी जन्मासच येत नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात आढळला; २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या याच गणातील एका इवल्या परोपजीवी कीटकाने त्यास आवर घातला. फवारणीने जे साधले नाही, ते डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या या जिवाने साधले.

अळीची परीक्षा

शेतात प्रौढाऐवजी अळीच सापडते, तेव्हा पुन्हा पायच साक्ष देतात. छातीशी तीन जोड्या खरे पाय आणि पोटाखाली जास्तीत जास्त पाच जोड्या मांसल पाय असतील, तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. पोटाखालचे मांसल पाय सहा जोड्या किंवा त्याहून अधिक असतील, तर ती करवतमाशीची. मोहरी व मुळ्यावरील काळी अळी ही या प्रकारची असून ती मधमाशीच्या गणात मोडते. तपकिरी डोके, पांढरे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले अंग व तीनच जोड्या पाय असल्यास ती हुमणी. पाय व स्पष्ट डोके दोन्ही नसतील, तर बहुधा माशीची अळी समजावी.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

या परीक्षेस मोठी सामग्री लागत नाही. दहापट मोठे दाखविणारे एक भिंग, झाकणाच्या काही काचेच्या बाटल्या आणि एक नोंदवही एवढे पुरे. नोंदवहीत दिनांक, पीक, झाडाचा भाग, पंखांची संख्या, तोंडाचा प्रकार आणि झालेल्या नुकसानीचे स्वरूप लिहावे. फुलपाखरांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यांना पकडण्याऐवजी छायाचित्र घेणे योग्य. ओळख न पटल्यास नमुना कृषी सहायकाकडे किंवा राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांपैकी जवळच्या विद्यापीठाकडे दाखवावा. अशी नोंदवही शाळेने तीन-चार वर्षे सातत्याने ठेवल्यास कोणती कीड कोणत्या पंधरवड्यात येते, याचे गावापुरते पंचांगच तयार होईल.

फवारणीचा पंप पाठीवर चढविण्यापूर्वी पानाची खालची बाजू उलटून पाहावी, पाय मोजावेत, पंख पाहावेत, तोंड पाहावे. या कामास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत कधी औषधाचा खर्च वाचतो, कधी मित्रकीटकांचे प्राण वाचतात आणि कधी फवारणाऱ्या माणसाचेही.